चढणारी गाडी डाऊन

शनिवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक चौकट ठरलेली असते. उद्या रविवार, मेगाब्लॉक. अमुक ते तमुक स्थानकांदरम्यान अप आणि डाऊन धीम्या मार्गावरची वाहतूक बंद. ती वाचून अर्ध्या मुंबईत तोच एक प्रश्न विचारला जातो, "अप म्हणजे कुठली हो? तिकडे जाणारी की तिकडून येणारी?" घरात कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले काका असतील तर ते चष्मा न काढता सांगतात, "सीएसएमटीकडे जाते ती अप. तिथून सुटते ती डाऊन." विषय संपतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा निघतो. हे शब्द रोज कानांवर पडूनही डोक्यात का बसत नाहीत, याचं उत्तर मला मुंबईत कधी मिळालं नाही. ते इगतपुरीच्या फलाटावर मिळतं.

कसारा ते इगतपुरी हे रेल्वेचं अंतर जेमतेम सोळा किलोमीटर. तेवढ्यात गाडीला सुमारे 300 मीटर उंची गाठायची असते. रेल्वेच्या कागदांत हा थळ घाट, लोकांच्या तोंडी कसारा घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने तो 1 जानेवारी 1865 रोजी वाहतुकीला खुला केला. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ काहीच वाटणार नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरवणाऱ्याला तो डोंगर वाटतो. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरच्या सर्वांत तीव्र चढांपैकी हा एक आहे.

म्हणून कसाऱ्याला गाडी थांबते आणि तिला मागून इंजिनं लागतात. त्यांना म्हणायचं बँकर. झोपलेल्या प्रवाशालासुद्धा कळतं, कारण शेवटच्या डब्यापासून पुढच्या डब्यापर्यंत एक धक्का सरकत येतो आणि हातातला चहा हिंदकळतो. "बँकर लागला," कोणीतरी सवयीने म्हणतं. पुढचं इंजिन ओढतं, मागची दोन-तीन ढकलतात. सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण मग सगळ्या गाडीचा भार पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर येईल, आणि चढावर कपलिंग तुटलं तर मागचे डबे थेट कसाऱ्याच्या दिशेने निघतील. मागे इंजिन असलं की ओढ वाटली जाते आणि पाठही राखली जाते. इंग्रजीत चढाला ‘बँक’ म्हणायची रेल्वेवाल्यांची रीत, तो चढवणारा म्हणून बँकर. पैशांच्या बँकेशी त्याचा संबंध नाही. पावसाळ्यात ही चढण पाहावी. बोगद्यातून गाडी बाहेर येते ती ढगात शिरते, ढगातून पुन्हा बोगद्यात, आणि इगतपुरीला पोचते तेव्हा खिडकीतून आत येणारी हवा बदललेली असते. कसाऱ्याला घामेजलेली माणसं इथे शाल शोधतात. फलाटावर बँकर सुटतात, गाडी हलकी होते.

एवढं सगळं करून, घाम गाळून, तीन-चार इंजिनांचं बळ लावून वर आलेली ही गाडी कोणती? डाऊन.

आणि उलट बाजूने मुंबईकडे जाणारी, जिला घाटात ओढावं लागत नाही, उलट आवरावं लागतं, ती अप. तिच्यासाठी घाटात कॅच साइडिंग आहे. उतरत्या गाडीचे ब्रेक दगा देतील, या भीतीने केलेली ही सोय. सांधा आधीपासून मुख्य मार्गाकडे नसतो, तो वर चढत जाणाऱ्या एका फाट्याकडे लावलेला असतो. गाडी ठरलेल्या जागी येऊन पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे तिने सिद्ध केलं, की मगच सांधा बदलतो आणि तिला खाली सोडतात. थांबली नाही तर ती त्या फाट्यावर जाईल आणि चढच तिला रोखेल. जिच्या नावात ‘वर’ आहे त्या गाडीची सगळी काळजी ती वेगाने खाली घसरू नये एवढीच. डोळ्यांना दिसतं एक आणि वेळापत्रक सांगतं दुसरं. ‘अप’ कानात बसत नाही ते यामुळेच. तो शब्द कधी उंचीबद्दल बोलतच नव्हता.

तो बोलतो मुख्यालयाबद्दल. विलायतेतली ही जुनी रीत. लंडनच्या दिशेने जायचं ते अप, मग वाटेत दरी लागो की टेकडी. पण सगळ्यांचंच लंडन नव्हतं. मिडलँड रेल्वे या कंपनीचा कारभार डर्बी गावातून चाले, तर तिच्या मार्गांवर डर्बीकडे जाणारी गाडी अप. त्या कंपनीपुरतं डर्बी हेच जगातलं सर्वांत उंच ठिकाण. आपल्याकडे जीआयपीने मुंबईत कचेरी थाटली आणि बोरीबंदरच्या दिशेला अप केलं. समुद्राच्या काठाला, जिथून आणखी खाली जायचं तर पाण्यातच पाय घालावा लागेल, त्या जागेला. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या शिवेवर, 1646 मीटरवर उभं आहे. त्याच्या दिशेने येणाऱ्या गाड्या गेली दीडशेहून अधिक वर्षं डाऊन आहेत.

त्याच काळात कलकत्त्याला ईस्ट इंडियन रेल्वेने मात्र नेमकं उलटं केलं. हावड्याहून निघून दिल्लीमार्गे कालक्याला जाणारी कालका मेल ‘1 अप’ होती आणि परत येणारी ‘2 डाऊन’. तिथे मुख्यालयाकडे यायचं ते डाऊन. गंगेच्या उगमाकडे, देशाच्या आत जायचं ते अप. सरकार तेच, इंग्रजी भाषा तीच, आणि एका कंपनीचं वर ते दुसरीचं खाली. म्हणजे हे शब्द निसर्गातून आलेले नाहीत, कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेले आहेत, याला याहून चांगला पुरावा नको.

जपानची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे टोकियोकडे जाणारी गाडी ‘नोबोरी’, म्हणजे चढणारी, आणि टोकियोहून निघणारी ‘कुदारी’, उतरणारी. पण रेल्वे येण्याआधी, सम्राट क्योतोला राहत असे तेव्हा, क्योतोच्या बाजूने एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, येणारा चांगला माल ‘उतरून’ आलेला समजत. त्याला नावच ‘कुदारीमोनो’ होतं. 1868 नंतर सम्राट टोकियोला आला, आणि इतके दिवस उतारावर असलेलं शहर एकाएकी चढावर गेलं. जमीन जागची हलली नव्हती.

आपल्या मराठीत ‘वर’ आणि ‘खाली’ एवढे बेइमान नाहीत, निदान भूगोलात तरी. कोकणातला माणूस ‘घाटावर’ जातो आणि घाटावरचा ‘खाली कोकणात’ उतरतो. इगतपुरीचा माणूस सकाळी शेअर जीपमध्ये बसताना म्हणतो, "खाली कसाऱ्याला जाऊन लोकल पकडतो." मुंबई त्याच्यासाठी खालीच आहे. त्याच मुंबईला जाणारी गाडी फलाटावर लागली की तोच माणूस "अप आली" असंही म्हणतो. दोन्ही वाक्यं एका श्वासात, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. पाय ज्या भाषेत विचार करतात ती एक, तिकीट ज्या भाषेत छापलेलं असतं ती दुसरी. दोन्ही येणारा माणूस कशाला गोंधळेल? पण आपल्यालाही दुसऱ्या तऱ्हेचं ‘वर’ चांगलं येतं. ‘वरून आदेश आला’, ‘वरपर्यंत ओळख आहे’, ‘वरची कमाई’, ‘प्रकरण वर पाठवलंय’. मंत्रालय समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरी फाइल इगतपुरीच्या तहसील कचेरीतून तिथे ‘वर’च जाते.

फाइल वर जाते. पाणी जात नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस दोन्हीकडे वाटला जातो. पूर्वेकडे ओघळला तो दारणेतून गोदावरीला मिळतो आणि सगळी पठारं ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेकडचा वैतरणा-भातसेच्या वाटेने अरबी समुद्राकडे. मुंबईला पाणी देणाऱ्या जलाशयांपैकी एक याच भागात आहे आणि त्याचं नाव अप्पर वैतरणा. तिथलं पाणी नदीने खाली मोडकसागरात येतं आणि मग शहराकडे. हे ‘अप्पर’ खरोखर वर आहे, कारण नाव ठेवणाऱ्याला पाणी वाहतं ठेवायचं होतं. धरण बांधणाऱ्याने मुख्यालयाच्या मानाने वर-खाली ठरवलं असतं तर मुंबईकरांच्या नळाला थेंब आला नसता. रेल्वेला ती मुभा होती, मागे ढकलायला बँकर होते म्हणून.

आता या दोन शब्दांचं आपण काय केलं ते पाहा. इंग्रजाने दिशा दाखवायला दिलेले दोन शब्द जोडून आपण एक मराठी क्रियापद बनवलं: अप-डाऊन करणे. "कुठे राहतो?" "नाशिकला. मुंबईला अप-डाऊन करतो." यात पहाट आहे, पास आहे, डबा आहे, ठरलेली बाकं आहेत, पत्ते आहेत, भजन आहे, सहप्रवाशांचे वाढदिवस आहेत. 1975 पासून मनमाड-मुंबई धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने या क्रियापदावर दोन पिढ्या काढल्या. सकाळी 12110 ने मुंबईला, संध्याकाळी 12109 ने परत. सम क्रमांक अप, विषम क्रमांक डाऊन. आधी अप आणि मग डाऊन, शब्दांचा क्रमही या चाकरमान्यांच्या दिवसाला बरोबर बसतो. ‘ये-जा करणे’ हा आपला जुना शब्द होताच. पण ये-जा कोणीही कशासाठीही करतं. अप-डाऊनमध्ये मस्टर आहे.

याच क्रियापदाला मात्र ग्रामीण भागात एक काटा फुटला आहे. इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर जा आणि शाळेविषयी विचारा. "गुरुजी चांगले आहेत, पण अप-डाऊन करतात." या ‘पण’मध्ये तक्रार आहे. गुरुजी इथे राहत नाहीत, नाशिकहून येतात, पाऊस झाला की उशीर होतो, गाडी चुकली की शाळा उशिरा भरते. ग्रामसेवक, तलाठी, नर्सताई यांच्याबद्दलही तेच. शासनाचा शब्द असा की कर्मचाऱ्याने ‘मुख्यालयी’ राहावं. घरभाडे भत्त्यासाठी तो मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. मग ठराव होतात आणि माणूस नाशिकला राहतो. गुरुजींची बाजूही खोटी नाही. पाड्यावर भाड्याने खोली मिळत नाही, मिळाली तर संडास नसतो, आईचं औषधपाणी नाशिकला, मुलीची अकरावी नाशिकला. वाड्या-पाड्यांवर शिकवणाऱ्या माणसाकडे बोट दाखवणं शहरात बसून फार सोपं असतं, म्हणून ते मी करणार नाही.

मला त्यात दिसतो तो शब्द, ‘मुख्यालय’. शासनाच्या कागदावर त्या शिक्षकाचं मुख्यालय नाशिक नाही आणि मंत्रालय तर नाहीच. त्याचं मुख्यालय तो पाडा आहे: दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे झेंड्याचा खांब. रेल्वेचा नियम प्रामाणिकपणे लावायचा तर मुख्यालयाकडे जाणं म्हणजे अप. योगायोग असा की नाशिकहून इगतपुरीला येणारी गाडी मुंबईच्या दिशेची, म्हणून वेळापत्रकातही ती अपच आहे. म्हणजे गुरुजी रोज सकाळी दोन्ही हिशोबांनी वर येतात. पण त्यांना तसं वाटत नाही, गावाला वाटत नाही, आणि बदल्यांच्या यादीत दुर्गम भागाचं नाव दिसलं की त्यांच्या घरी तर मुळीच वाटत नाही. "कुठे फेकलं रे तुला?" असंच विचारतात. दुर्गम शाळेवरची बदली ही आपल्या मनात अजून उतरण आहे, आणि शहराजवळची शाळा म्हणजे चढ. तिथल्या पोरांना हे कळत नसेल असं समजू नका. आपल्याकडे येणारा माणूस खाली आल्यासारखा येतो की वर आल्यासारखा, हे पहिलीतल्या मुलालाही त्याच्या फळ्यासमोर उभं राहण्यावरून समजतं.

‘डाऊन’चे बाकीचे वापर आपण सगळेच करतो. सर्व्हर डाऊन, म्हणून सातबारा उद्या. बॅटरी डाऊन. मूड डाऊन. गंमत म्हणजे इगतपुरीच्याच डोंगरावर 1976 पासून धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे, आणि तिथे दहा दिवस मौनात बसवून शिकवतात ते हेच की मन वर जाईल, खाली जाईल, तू नुसतं बघ. तिथे मुक्कामाला जाणारी मुंबईची मंडळी डाऊन गाडीनेच येतात.

रेल्वेने हे शब्द टाकून द्यावेत असं मात्र मी म्हणणार नाही. घाटात तीन मार्ग आहेत: अप, डाऊन आणि मधला. रूळ वळणं घेत जातात; एका बोगद्यात गाडीचं तोंड पूर्वेला, दुसऱ्यातून निघताना उत्तरेला. तिथे डावं-उजवं किंवा पूर्व-पश्चिम म्हणून चालणार नाही. धुक्यात, फोनवरून, रात्री दोन वाजता एका केबिनमधल्या माणसाने दुसऱ्याला सांगायचं आणि दोघांच्याही मनात तोच रूळ यायचा, तर शब्द आखूड हवा, एकमेकांपासून वेगळा ऐकू येणारा हवा आणि वळणागणिक न बदलणारा हवा. ‘अप’ आणि ‘डाऊन’ हे काम दीडशे वर्षांहून जास्त काळ चोख करत आले आहेत. तिथे त्यांच्यात मानापमान नाही. डाऊन गाडीचा ड्रायव्हर अप गाडीच्या ड्रायव्हरपेक्षा कमी समजला जात नाही. घाट चढवणाऱ्याकडे तर जरा आदरानेच बघतात.

रस्त्यांवर मात्र आपण शहाणपणा केला. द्रुतगती मार्गावर अपघाताची बातमी येते तेव्हा वर्तमानपत्र लिहितं, ‘मुंबई वाहिनीवर’ किंवा ‘पुणे वाहिनीवर’. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. त्यात घाटाच्या पोटातून काढलेला जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, आणि त्याच्या एका नळीतून मुंबईला जायचं, दुसरीतून नागपूरला. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. जिथे जायचं त्या गावाचं नाव. बदलीच्या आदेशांबद्दल बोलतानाही एवढंच करता येईल. ‘खाली टाकलं’, ‘वर काढलं’, ‘बाजूला फेकलं’ असं न म्हणता नुसतं गावाचं नाव घ्यावं: टाकेदला गेले, धारगावला गेले, घोटीला आले. आणि पाड्यावरच्या शाळेत रुजू होणाऱ्याला घरच्यांनी निरोप देताना एवढं जरूर सांगावं, की कागदावर तुझं मुख्यालय तेच आहे.